गिरणीच्या हिशोबात कोकणाचं नाव लिहा

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री आणि मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वस्त्रोद्योग मंत्री, भारत सरकार,
आणि मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष व सभासद यांस,

स.न.वि.वि.

मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला घरं देण्याचं राज्य सरकारने ठरवलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १७ वं कलम घातलं. त्याचा अर्थ आमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला बरोबर कळला : इथलं घर घेतलं नाहीत, तर घराचा हक्कच संपला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते याच रागाने. त्या कलमाविरुद्ध पुष्कळ बोलून झालं आहे आणि बोलणाऱ्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं आहे. मला त्याच्या मागचा हिशोब विचारायचा आहे. ज्या माणसांच्या श्रमावर देशातला पहिला मोठा आधुनिक उद्योग उभा राहिला, त्यांना सरकार 'घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा' असं कसं म्हणू शकतं? म्हणू शकतं, कारण सरकारच्या वहीत हे घर मेहेरबानीच्या खात्यावर मांडलेलं आहे. आमच्या वहीत ते येणं आहे. वर्षानुवर्षं थकलेलं येणं.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझे आजोबा लालबागमधल्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, होते आणि बाबा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. बाबा १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. आई आयुष्यभर गावात राहिली, शेत केलं, सासू-सासऱ्यांचं म्हातारपण काढलं, आम्हा भावंडांना वाढवलं. घराच्या अर्जावर आता तिचं नाव आहे, कामगाराची विधवा म्हणून. ती नव्वदीला टेकली आहे. हे पत्र तिच्यासाठी आहे, पण तिच्या एकटीसाठी नाही. राजापूर, लांजा, संगमेश्वर, कणकवली, मालवण, कुठल्याही वाडीत जा आणि विचारा, गिरणीत कोण होतं. ज्या घरात कुणीच नव्हतं असं घर शोधावं लागेल.

या उद्योगाचा इतिहास सरकारी पुस्तिकेत छापला जातो किंवा मालकांच्या स्मरणिकेत, त्यात दोनच पात्रं असतात, उद्योजक आणि सरकार. दोन्ही खरी आहेत आणि मी त्यांचं श्रेय काढून घेत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला कापसाची गिरणी सुरू झाली. त्यांच्यामागून पेटिट, टाटा, वाडिया, ससून, खटाव, मोरारजी गोकुळदास आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इंग्लंडला कापूस विकून मुंबईत अमाप पैसा आला. बराचसा सट्ट्यात बुडाला, उरला त्यातला काही पुढे गिरण्यांत गेला. या माणसांनी धोका पत्करला, यंत्रं आणली, चीनपर्यंत सूत विकलं. १८७५ मध्ये त्यांनी आपला संघ काढला. तो आजही आहे, म्हणूनच हे पत्र त्यालाही लिहिते आहे.

इंग्रज सरकार या गिरण्यांचं मित्र नव्हतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या दबावाखाली १८८२ मध्ये आयात कापडावरची जकात काढून टाकली. तिजोरीला गरज पडली म्हणून १८९४ मध्ये ती परत बसवली, आणि लँकेशायर पुन्हा ओरडलं तेव्हा १८९६ पासून इथल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर दंड! हा कर १९२५ च्या डिसेंबरात थांबला. मग जपानी माल येऊन थडकला आणि १९३० मध्ये संरक्षक जकातीचा कायदा झाला. थोडक्यात, गिरण्या वाढल्या त्या मालकाच्या हिकमतीने आणि सरकारच्या कधी आडव्या, कधी उभ्या हाताने. इथवर तुमची पुस्तकं बरोबर आहेत.

पण एवढा कर, एवढी स्पर्धा, आणि तरी गिरण्या तगल्या कशा? मजुरी स्वस्त होती म्हणून. ती स्वस्त का होती, याचं उत्तर तुमच्या पुस्तकांत नाही. ते आमच्या वाडीत आहे.

कोकणात खोती होती. पिकवणारा कूळ, आणि पीक उचलणारा खोत. खाडीकाठची थोडी भातजमीन सोडली तर बाकी वरकस, कातळ. भात सहा महिने पुरलं तर नशीब. माणसाने मुंबई गाठली ती हौसेने नव्हे. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांतून आगबोटीने माणसं भाऊच्या धक्क्याला उतरली आणि गावच्या सामाईक खोलीत वळकटी टाकून जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, पाया पडली. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. एका जिल्ह्याने एका उद्योगाचे निम्मे हात पुरवले.

ते हात वाढवले कोणी? मालकाला मजुरीत फक्त एका पुरुषाचं पोट आणि खोलीतला त्याचा वाटा भागवावा लागे. बायको, मुलं, आई-बाप गावात. पेरणी-लावणी बाईच्या अंगावर. पोर अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याला भात-नाचणीवर गावाने वाढवलं आणि धडधाकट झाल्यावर गिरणीच्या दारात उभं केलं. छातीत कापसाची धूळ भरली, क्षय झाला, की तोच माणूस गावाला परत. म्हातारा झाला की गावाला परत. १८९६ ला प्लेग आला तेव्हा हजारो कामगार गावी पळाले आणि मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजून उरलेली माणसं धरून ठेवावी लागली. तेव्हा कुठे काही काळ त्या हातांची खरी किंमत दिसली. संप झाला की गाव खायला घाली. गिरणीला दवाखाना, पाळणाघर, वृद्धाश्रम, बेकारी भत्ता या सगळ्याचा खर्च वाचला, कारण तो खर्च कोकण उचलत होतं.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. इंग्रज सरकारने नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात लिहिलं की कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे आणि ते तोडण्याऐवजी नीट लावून द्यावं. कुणाच्या जमेची, ते आयोगाने फारसं खोलात जाऊन सांगितलं नाही. मी सांगते. पगार वाढवायला नको, चाळी बांधायला नकोत, ही ती जमेची बाजू.

आमच्या जिल्ह्याला मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणून कायम हिणवलं गेलं. पोस्टमन दिसला की बायका अंगणातूनच विचारत, "मनीऑर्डर इली काय?" हे खरं आहे, आणि त्या पैशांवर आमच्या चुली पेटल्या हेही खरं आहे. पण उलट्या बाजूने गेलेली मनीऑर्डर कुणी मोजली नाही. एसटीच्या टपावरून गेलेला तांदूळ, कुळीथ, आणि हातापायाने धड असा एकेक तरुण मुलगा. गावातली हायस्कुलं, विहिरी, देवळं गिरणगावातल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून बांधली. मी ज्या शाळेत शिकले तिची इमारत सरकारने बांधलेली नाही, गिरणी कामगारांनी बांधली. सरकारचं काम कामगाराने आपल्या पगारातून केलं, त्याची पावती कुठे आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सरकारने धोरण दिलं, मालकांनी भांडवल दिलं, आणि कोकणाने, तसंच देशावरच्या सातारा-पुण्याच्या गावांनीही, माणसं पोसून दिली. या उद्योगाचे भागीदार तीन होते. फायदा वाटायची वेळ आली तेव्हा दोघांनीच वाटून घेतला.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अशी की गिरण्या संपाने मारल्या ही गोष्ट तुम्ही चाळीस वर्षं सांगत आला आहात, आणि आता आमचीच नातवंडं ती आम्हाला ऐकवतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी आजवर जाहीर केलेलं नाही. त्या संपाने नुकसान केलं, आमच्या घरात ते आम्ही जेवणाच्या ताटात पाहिलं. संपाच्या नेतृत्वाने माघारीची वाट ठेवली नाही, हेही मी मान्य करते. पण त्याआधीची कितीतरी वर्षं पाहा. युद्धकाळात मिळालेला नफा यंत्रांत घालायचा सोडून लाभांशात आणि दुसऱ्या धंद्यांत गेला. गिरणी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांना पहिली कित्येक दशकं नफा होवो न होवो, उत्पादनावर किंवा विक्रीवर कमिशन मिळे. मग यंत्र बदलायची घाई कुणाला? आजोबांनी ज्या पिढीची यंत्रं पाहिली, त्याच पिढीच्या यंत्रांवर बाबांनी काम केलं. याला अपवाद असलेल्या गिरण्या होत्या, पण त्या अपवादच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही आपला वाटा उचलला. हातमाग जगावा म्हणून १९५६ च्या धोरणाने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली आणि गिरणीच्या कापडावर जादा कर ठेवला. हेतू चांगला होता. विणकराचं पोट हातमागावर आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. पण फायदा हातमागाला कमी आणि यंत्रमागाला जास्त झाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला शेड उभ्या राहिल्या, जिथे ना फंड, ना हजेरीचं पुस्तक, ना आठ तासांची पाळी. मग साठच्या दशकात गिरण्यांवर नियंत्रित दराच्या कापडाचा बोजा आला, ते तोट्यात विणायचं. गिरण्या आजारी पडू लागल्या तेव्हा १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढलं आणि १९७४ मध्ये देशभरातल्या १०३ गिरण्या सरकारने घेतल्या. मालकांनी सांगाडे सोपवले. सरकारने ते सांगाडे चालवले, पण नवं रक्त फारसं घातलं नाही.

आणि कामगाराला बोलायची जागा तरी होती का? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त संघटना. कामगार दुसरीकडे गेले तरी करार तीच करणार. १९८२ ला अडीच लाख माणसं एका नेत्यामागे उभी होती आणि कायदा सांगत होता की त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार दुसऱ्याच संघटनेला आहे. सरकार त्या कायद्याला चिकटून बसलं, मालक भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेत बसले. त्याच १९८२ मध्ये, आमच्याच कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. देशाच्या कापडाचा रस्ता बदलत होता, धोरण बदलत होतं, आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने ज्या गिरण्या चालत नाहीत त्यांना बंद व्हायला वाट करून दिली. एवढे सगळे हात लागलेले असताना खुनाचा आरोप एकट्या कामगारावर का?

दुसरी तक्रार जमिनीची. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांकडे होती. यातली काही उद्योगासाठी म्हणून सरकारने किंवा पालिकेने नाममात्र भाड्याने दिलेली. गिरणी बंद पडली तेव्हा कापडाला किंमत उरली नव्हती, जमिनीला आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. वाटणी काही वाईट नव्हती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला, तो बासनात गेला. आणि २००१ मध्ये नियमात बदल केला : वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची. गिरणीचा बहुतेक भाग शेडखाली असतो हे ज्याने गिरणी बाहेरून पाहिली त्यालाही माहीत आहे. म्हणजे तृतीयांशाचे तुकडे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने वाचला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये सरकारच्या बाजूने. न्यायालयाचा मान राखून मी विचारते : न्यायालयाने फक्त हा नियम चालेल असं म्हटलं, तो असाच लिहा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

२००५ मध्येच केंद्र सरकारच्या महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्रमांक ३ आणि मुंबई टेक्स्टाइल या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइलचे ७०२ कोटी आले, पाचांचे मिळून सुमारे २,०२० कोटी. त्या पैशातून गिरण्या नव्या होतील असं सांगितलं गेलं. आज टाटा, पोदार, दिग्विजय, इंडिया युनायटेड क्रमांक ५, या मुंबईत महामंडळाकडे चालू राहिलेल्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीत बंद झाल्या त्या उघडल्याच नाहीत.

घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२, २०१६ आणि २०२० च्या सोडतींतून निघालेली घरं मिळून वीस हजारांच्याही आत भरतात. लालबाग-परळला जागा नाही म्हणून तुम्ही बदलापूरच्या पलीकडचं वांगणी आणि त्याच्याही पुढचं शेलू दाखवता. जागा होती. तिच्यावर काय उभं आहे ते परळच्या पुलावरून दिसतं.

तिसरी तक्रार कागदांची. पात्र ठरायला १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. हजेरी पास, लाल पास, तिकीट नंबर, सर्व्हिस दाखला, भविष्य निर्वाह फंडाचा नंबर, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पगाराची पावती. अट योग्यच आहे, खोटे अर्ज येतात हे मलाही माहीत आहे. पण मस्टर, म्हणजे हजेरीपट, कुणाकडे होतं? गिरणीकडे. रजेचं रजिस्टर कुणाकडे? गिरणीकडे. फंडाची नोंद? सरकारकडे. ज्याने नोंद ठेवली त्याने दाखवायची, की ज्याचं घर दर पावसात गळतं त्या विधवेने? बाबांचा पास आईने लुगड्याच्या घडीत ठेवला होता, त्यावरचा नंबर अर्धा पुसला आहे. त्या नंबरासाठी मी मुंबईतल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभी राहिले. गिरणी कुणी तिसऱ्यानेच घेतली आहे, जुने दप्तर कुठे आहे सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. मी शिकलेली आहे, मला अर्ज लिहिता येतो, ऑनलाइन भरता येतो. माझ्या शेजारच्या काकी अंगठा लावतात. कोकणातल्या वारसांना एका कागदासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायला एक रुपयाचंही धोरण बदलावं लागत नाही.

चौथी. कर्मचारी पेन्शन योजना नोव्हेंबर १९९५ ला आली. १९८२-८३ मध्ये बाहेर फेकले गेले त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. पुढे टिकले त्यांना किमान पेन्शन महिना १,००० रुपये. यावर अधिक काय लिहू?

पाचवी तक्रार विसरण्याची. वायंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत बायका होत्या, १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्यानंतर आणि नव्या यंत्रांच्या नावाखाली त्या हळूहळू कमी केल्या गेल्या. गिरणगावात खाणावळी चालवून पाळीवाल्यांना डबे घालणाऱ्या बायका होत्या. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, ती आज सगळा देश उपभोगतो. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, पोलिसांच्या आणि लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. स्वदेशीच्या लाटेवर कापड खपलं मालकांचं. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेने योजलं आहे. त्यात यंत्रं असतील, मालकांच्या तसबिरी असतील. गावच्या सामाईक खोलीची वळकट्यांची रांग असेल का? भात लावणारी बाई असेल का? की पुन्हा दोनच पात्रं?

आज हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे तुम्ही पुन्हा एकदा वस्त्रोद्योग उभा करायला निघाला आहात. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात २५,००० कोटींची गुंतवणूक आणि पाच लाख रोजगार असं उद्दिष्ट आहे. केंद्राने देशात सात मोठी वस्त्रोद्योग उद्यानं जाहीर केली, त्यातलं एक अमरावतीला. मला याचा मनापासून आनंद आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या दाराशी गिरणी जावी हे दीडशे वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती हाच विचार करून. विदर्भाचा वाटा मला नको आहे. पण विदर्भातल्या कुठल्याही आईने चाळीस वर्षांनी असं पत्र लिहायला बसू नये, एवढं मला हवं आहे. पुन्हा स्वस्त जमीन, वीजदरात सवलत, भांडवली अनुदान, सगळं मालकाला आधी मिळणार. कामगाराला काय आणि कधी मिळणार, ते त्याच कागदावर लिहिलेलं दिसलं पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत.

राज्य सरकारने घर नाकारल्यास हक्क संपतो ही अट १७ व्या कलमातून, आणि पुढच्या कुठल्याही योजनेतून, लेखी काढून टाकावी. ज्या अर्जदाराला मुंबईतच घर हवं आहे त्याचा अर्ज जिवंत राहिला पाहिजे. ज्याला शेलू-वांगणी चालतं त्याने खुशाल घ्यावं. आणि ज्या कोकणातल्या वारसाला मुंबईपेक्षा आपल्या तालुक्यात घर हवं आहे, त्याला तोही पर्याय द्यावा, तेवढ्याच मोलाचा. अशी माणसं आहेत, त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

गिरणी जमिनींची जेवढी म्हणून वाटणी झाली, तिचा गिरणीवार हिशोब प्रसिद्ध करावा : एकूण जमीन किती, पालिकेला किती, म्हाडाला किती, मालकाला किती, घरं किती बांधली. मराठीत, आणि एकाच जागी.

महामंडळाकडे मुंबईत उरलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा कुठलाही निर्णय केंद्राने जाहीर सुनावणीशिवाय घेऊ नये, आणि त्यातला घरांचा वाटा मोकळ्या तुकड्यावर न मोजता पूर्ण जमिनीवर मोजावा.

गिरणीमालक संघाला माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे, तुमच्या सभासदांकडे, त्यांच्या जमिनी घेणाऱ्यांकडे जी मस्टरं, जी रजिस्टरं शिल्लक आहेत, ती शासनाच्या ताब्यात द्या. ती वाळवीच्या आधी स्कॅन व्हावीत. तुमच्या पणजोबांनी धंदा उभारला याचा अभिमान तुम्ही बाळगता. माझ्या आजोबांचं नाव त्याच धंद्याच्या वहीत आहे, ते मला पाहू द्या.

पुराव्याची जबाबदारी उलटी करा. अर्जदाराने नाव, गिरणी, खातं आणि अंदाजे वर्ष सांगावं, फंड आणि ईएसआयच्या नोंदींशी ताळा शासनाने घालावा. राजापूर, कणकवली, देवगड, मालवण, खेड, चिपळूण इथे तहसील कचेरीत शिबिरं घ्या. अंथरुणाला खिळलेल्या अर्जदाराकडे तलाठ्याला पाठवा.

संपात नोकरी गेलेल्या आणि आज हयात असलेल्या कामगारांना, त्यांच्या विधवांना, सन्मानाची मासिक रक्कम सुरू करा. ही माणसं आता थोडी उरली आहेत, तिजोरीला हा भार पेलणार नाही असं कुणी म्हणू नये.

नव्या धोरणात अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याशी करारात तीन गोष्टी लिहा. कामगारांची घरं कारखान्याबरोबरच बांधायची. कंत्राटी असो वा कायम, प्रत्येकाची नोंद शासनाकडेही राहायची. आणि उद्योगासाठी सवलतीत घेतलेली जमीन, उद्योग बंद पडला तर, बाजारात न जाता शासनाकडे परत यायची. ही तिसरी अट १८५६ पासून असती, तर आज लालबागमध्ये कामगाराची घरं असती.

आणि संग्रहालयाच्या समितीवर कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची माणसं आणि कामगारांच्या बायका घ्या. आमच्याकडे वस्तू आहेत, कागद आहेत, आठवणी सांगणारी माणसं अजून आहेत.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक नको. ते जाहीर द्यावं, आणि त्याची प्रत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाही ती कुणाकडून तरी वाचून घेता येईल. होकार असेल तर तारखेसह कळवा. नकार असेल तर कारणासह कळवा.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग